पुण्याचा पाऊस अमीदेत कुठे मागायचा

पुण्यात खरा पाऊस जून ते सप्टेंबर. सिद्दूरमधली (यहुदी प्रार्थना-पुस्तकातली) पावसाची मागणी मात्र डिसेंबरपासून पेसाखपर्यंत, म्हणजे वसंतातल्या सणापर्यंत. जूनमध्ये खडकवासला-पानशेतचं पाणी खाली जातं, आणि नेमकी तेव्हाच अमीदेच्या (उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेच्या) नवव्या ब्राखात, म्हणजे आशीर्वचनात, पावसाची मागणी नसते. तरी ती ब्राखा बदलू नका.

हे वेळापत्रक बाबिलोनच्या हंगामाचं आहे, देशोदेशीच्या यहुद्यांनी तेच धरलं. निनवे या प्राचीन शहरातल्या लोकांनी आपल्यासारखाच प्रश्न विचारला होता: आम्हाला उन्हाळ्यात पाऊस लागतो, काय करू? तल्मुद या प्राचीन धर्मग्रंथातलं उत्तर असं, की सोळाव्या ब्राखात, ‘शोमेआ तफिला’ (‘प्रार्थना ऐकणारा’) हिच्यात मागा. चौदाव्या शतकात रब्बी आशेर यांनी स्पेनमध्ये स्थानिक गरजेनुसार नववी ब्राखाच बदलावी असं मांडलं, पण ते रुजलं नाही. मला जुनी सोय अधिक शहाणपणाची वाटते. सगळ्यांचा पाठ एक राहतो आणि आपल्या धरणांची काळजीही प्रार्थनेत येते.

सेफार्दी (स्पेनकडून आलेल्या परंपरेच्या) पाठात पेसाखनंतर नववी ब्राखा ‘बारखेनू’ने सुरू होते. ती तशीच म्हणा. सोळाव्या ब्राखात ‘की अता शोमेआ’ या शब्दांच्या आधी थांबून ‘वेतेन ताल उमातार’ (‘दव आणि पाऊस दे’) जोडा आणि पुढे जा. मराठीत मागायचं असेल तर अमीदेच्या शेवटी, तीन पावलं मागे जाण्यापूर्वी मागा.

हिवाळ्यात ‘बारेख आलेनू’, म्हणजे नवव्या ब्राखाचा पाऊस मागणारा पाठ, ४ डिसेंबरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून सुरू होतं. पुढचं इंग्रजी वर्ष लीप असेल तर ५ डिसेंबरपासून. शब्बाथच्या (शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र या विश्रामदिनाच्या) अमीदेत ही ब्राखा नसते. २०२६ साली ४ डिसेंबर शुक्रवारी येतो, म्हणून सुरुवात शनिवारी रात्री.

चुका बहुतेक बदलाच्या पहिल्या महिन्यात होतात, कारण जिभेला जुना पाठ सवयीचा असतो. हिवाळ्यात पाऊस मागायचा राहिला आणि सोळाव्या ब्राखाआधी आठवलं, तर तिथेच मागा. अमीदा पूर्ण संपल्यावर आठवलं तर ती पुन्हा म्हणावी लागते. उलट, जुलैत चुकून ‘बारेख आलेनू’ म्हटलं गेलं, तर शुल्हान आरुख हा धर्मनियमांचा ग्रंथ पावसाची गरज असलेल्या देशाला सवलत देतो: पुन्हा म्हणायचं बंधन नाही, हवं तर स्वेच्छेने म्हणा.

जुन्या सिद्दूरमध्ये ३ डिसेंबर छापलेलं दिसलं, तर ती एकोणिसाव्या शतकातली तारीख आहे. हा हिशेब ज्युलियन वर्षावर (जुन्या रोमन दिनदर्शिकेच्या, किंचित लांब वर्षावर) चालतो, म्हणून ती हळूहळू पुढे सरकते. २१०० साली ती आणखी एक दिवस पुढे जाईल.