आतडी बाहेर घेऊन जन्मलेलं बाळ: या चुका टाळा

बेंबीच्या उजवीकडच्या छिद्रातून आतडी उघडीच बाहेर असतील तर तो गॅस्ट्रोस्कायसिस. बेंबीतूनच, पातळ पडद्यात झाकलेली आली असतील तर ओम्फॅलोसील. ऑपरेशन बालशल्यचिकित्सक करतील, पण नंदुरबारच्या डोंगरातल्या धडगाव-मोलगीहून धुळ्याला पोचेपर्यंत बाळ कसं ठेवलं, यावर बरंच अवलंबून असतं.

सगळ्यात घातक सवय ओल्या गॉझची. आतडी सुकू नयेत म्हणून गॉझ भिजवून गुंडाळतात. घाट उतरेपर्यंत ते गार पडतं आणि बाळही गारठतं. मे महिन्यात पारा ४४ वर असतानाही हे होतं, कारण तेव्हाच गाडीतला एसी जोरात असतो. एसी बंद करा. बाळाला छातीपर्यंत निर्जंतुक, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. ओलावा टिकतो आणि आतड्यांचा रंग दिसत राहतो. गुलाबी आहेत तोवर ठीक. निळी-काळपट होऊ लागली तर मुळाशी ताण किंवा पीळ पडलाय असं समजा. बाळाला उजव्या कुशीवर घ्या, आतड्यांना खालून आधार द्या आणि सर्जनला तिथूनच फोन लावा. आतडी हाताने आत ढकलू नका.

दूध, मध, घुटी काहीच नको. पोटात नळी टाकून तिचं बाहेरचं तोंड उघडं ठेवा, शिरेतून सलाईन चालू हवं. ओम्फॅलोसीलमध्ये रक्तातली साखर तपासा (जीभ मोठी असेल तर नक्कीच, अशा बाळांची साखर घसरू शकते) आणि हृदयाची इको विसरू नका.

ऑपरेशनच्या टेबलावरची चूक म्हणजे घाई. लहान पोटात आतडी कोंबून शिवलं की दाब वाढतो, श्वास अडतो, लघवी थांबते. त्यापेक्षा सायलो, म्हणजे वर टांगलेली पिशवी, लावून रोज थोडी थोडी आत जाऊ देणं बरं. "अजून शिवलं का नाही?" असं नातेवाईक विचारतातच, पिशवी का लावली ते त्यांना आधीच समजावून सांगा. फार मोठ्या ओम्फॅलोसीलमध्ये पडदा सोलून काढू नका. मलम लावत त्यावर कातडी येऊ द्यावी, पोटाची भिंत नंतर जोडता येते.

गॅस्ट्रोस्कायसिसच्या बाळाचं आतडं सुजलेलं असतं, दूध पचायला बऱ्याचदा काही आठवडे जातात. म्हणून ओली बाळंतीण गावाकडे आणि बाळ आजीबरोबर शहरात, असं करू नका. आईने पहिल्या दिवसापासून दूध काढत राहायला हवं, नाहीतर बाळ प्यायला तयार होईपर्यंत ते आटतं.