वनटेकमध्ये क्यू कसा द्यायचा: महालातल्या वाड्याचा अनुभव

मालिकेचा अख्खा प्रवेश एका टेकमध्ये, मध्ये कट नाही. लोकेशन नागपुरातल्या महाल भागातला जुना वाडा. कॅमेरा दारातून चौकात, जिन्याने माडीवर आणि परत खाली. तो चहूकडे फिरणार, मग क्यू, म्हणजे कलाकाराला 'आता निघ' ही खूण, द्यायला आम्ही असिस्टंट डायरेक्टरांनी उभं राहायचं कुठे? वॉकीटॉकी म्हणाल तर जाड भिंतींआड नुसती खरखर.

शेवटी वॉकीचा नाद सोडला. क्यू घड्याळावर न लावता कलाकाराच्या कृतीवर लावले. आजीने पितळी तांब्या ओट्यावर ठेवला, ठण्ण वाजलं, की माडीवरचा पोरगा निघणार. आवाज पोचत नव्हता तिथे आमच्यातल्याच एकीला नऊवारी नेसवून सूप घेऊन बसवलं. फ्रेममध्येही तीच आणि ड्युटीवरही तीच. (तांदूळ तिने खरोखर पाखडले.)

तालमी आधी कॅमेऱ्याशिवाय, मग मोबाइलवर, शेवटी गिंबलसह (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारं उपकरण). फोकस पुलरचा, म्हणजे दुरून फोकस सांभाळणाऱ्याचा, वायरलेस सिग्नल कुठे तुटतो ते तेव्हाच कळतं. "भाऊ, हात भरून आले ना आता," असं ऑपरेटर म्हणाला, म्हणून जिन्याच्या पायथ्याशी कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देण्याची तालीम वेगळी घेतली.

रीसेटचा, म्हणजे पुढच्या टेकसाठी सगळं पूर्ववत करण्याचा, वेळ कॉलशीटवर (दिवसाच्या शूटिंगच्या वेळापत्रकात) धराच. कप पुन्हा भरणं, ओली पावलं पुसणं, बॅटरी बदलणं. प्रत्येक कामापुढे एकच नाव. मे महिन्यात भर दुपारी टेक लावू नका. सकाळ फसली तर संध्याकाळी घ्या. मध्ये कट नसल्याने त्याच प्रवेशात उन्हाची जुळणी करायची नसते, तेवढं सुख.