स्वगत उभं करताना

आमच्या नववीच्या वर्गात दरवर्षी दोघं-तिघं 'नटसम्राट'मधल्या आप्पासाहेबांचं स्वगत निवडतात. शिरवाडकरांच्या या नाटकात १९७० साली ही भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी उभी केली. नाटक जरूर वाचा. पण चौदाव्या वर्षी म्हाताऱ्याचा थरथरता आवाज काढला की नुसती नक्कल होते. तुमच्या वयाचं, दोन-तीन मिनिटांत बसेल असं स्वगत घ्या.

पाठांतराच्या आधी एक गोष्ट ठरवा: मी हे कुणाला सांगतेय?

गेल्या वर्षी एका मुलीचं वाक्य होतं, "आजोबा, तुमचं घड्याळ मी विकलं." ती ते प्रेक्षकांकडे बघून घडाघडा म्हणायची. मी समोर एक रिकामी खुर्ची ठेवली आणि म्हटलं, आजोबांचा हात त्या दांडीवर आहे, तिथे बघ. ती 'घड्याळ' म्हणून थांबली. तिचा हात आपोआप स्वतःच्या मनगटावर गेला. वर्गात चिडीचूप! तो हात मी बसवला नव्हता, म्हणूनच तो खरा वाटला.

मग पेन्सिलीनं श्वासाच्या जागी उभ्या रेघा मारा. पाठांतर चालता-चालता, भांडी विसळताना करा. आरशासमोर मुळीच नको, तिथे आपण चेहरे करायला लागतो. पंखा सुरू ठेवून शेवटच्या बाकावरच्या मैत्रिणीला वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू येतो का, विचारा. आपल्याकडे नेमका तोच गिळला जातो.

प्रयोगात वाक्य विसरलात तर 'सॉरी' म्हणू नका, जीभ चावू नका. त्या खुर्चीकडे बघत श्वास घ्या. वाक्य येतं.