रात्रपाळीतील वेल्डिंग: पहाटेची वेळ कशी सांभाळावी

रात्रपाळीत वेल्डरची खरी कसोटी पहाटे ३ ते ५ या वेळेत लागते, कारण तेव्हा शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही खाली आलेले असतात. म्हणून उंचावरचे किंवा ओव्हरहेड (डोक्याच्या वर हात करून करायचे) जोड शक्यतो मध्यरात्रीपूर्वी उरकावेत आणि पहाटेसाठी सपाट स्थितीतले सोपे जोड ठेवावेत.

थकवा आधी हातात उतरतो. आर्कची, म्हणजे इलेक्ट्रोड आणि धातू यांच्यामधल्या विजेच्या ज्योतीची, लांबी नकळत वाढते, एकसारखा तडतडणारा आवाज तुटक होतो, शिंतोडे उडू लागतात आणि स्लॅग (जोडावर गोठलेला मळीचा थर) झाडल्यावर बीडच्या (वितळून गोठलेल्या धातूच्या पट्टीच्या) कडेला अंडरकटची, म्हणजे मूळ धातू खाल्ला गेल्याची, खाच दिसते. असे दिसताच आर्क तोडावा, हेल्मेट वर करावे आणि पाच मिनिटे चालून यावे. तो जोड तसाच रेटला, तर सकाळी ग्राइंड करून पुन्हा भरावा लागतो.

डोळ्यांच्या बाबतीत मात्र कोणतीही तडजोड करू नये. हेल्मेटची गडद काच न घेता आर्क पाहिला गेल्यास वेदना बहुधा काही तासांनी, म्हणजे नेमक्या दिवसाच्या झोपेत सुरू होतात आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. तेव्हा डोळे न चोळता डॉक्टरांकडे जावे. झोपेआधीच्या ६ तासांत चहा-कॉफी टाळावी आणि खोली पूर्ण अंधारी करावी.

शेवटचा जोड संपल्यावर किमान ३० मिनिटे आसपास ठिणगी धुमसत नाही ना, हे पाहावे आणि गरम जोडांवर खडूने खूण करून ते पुढच्या पाळीला प्रत्यक्ष दाखवावेत.