व्यवस्थापनात पीएच.डी.: अर्ज भरण्याआधी काय काय हाताशी हवं

पीएच.डी. करायचं ठरलं की बहुतेक जण विषय शोधायला लागतात. आमचं सांगणं असं की आधी फाइल काढा, मग गाइड बघा, मग माहिती कुठून मिळणार ते पक्कं करा आणि विषयाचं शीर्षक सगळ्यात शेवटी लिहा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत व्यवस्थापनाचे जे प्रबंध अर्ध्यावर अडकतात, त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा हा क्रम उलटा झालेला असतो.

फाइलपासून सुरुवात करू. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, पीएच.डी.चे नियम नोव्हेंबर 2022 चे आहेत. पदव्युत्तर पदवीला 55 टक्के हवेत. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमीलेअरमधले ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) उमेदवारांना 5 टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीवरून थेट यायचं असेल तर 75 टक्के लागतात. गुणपत्रिकेवर टक्के नसून सीजीपीए असेल, तर टक्केवारीत रूपांतराचं पत्र आपल्या जुन्या विद्यापीठाकडून आत्ताच मागवा. स्वतः आकडेमोड करून भरलेली टक्केवारी छाननीत टिकत नाही. एमबीएऐवजी पीजीडीएम (व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदविका) झालं असेल, तर ते एमबीएच्या बरोबरीचं असल्याचं भारतीय विद्यापीठ संघाचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी मागतात. ते आपल्या संस्थेला मिळालेलं आहे का, आणि तुम्ही शिकलात त्या वर्षांना ते लागू होतं का, हे तारखांसकट तपासा. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल तर मायग्रेशन प्रमाणपत्र, लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत, आरक्षणातून अर्ज असेल तर जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर, हे सगळं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा.

नोकरी सांभाळून अंशकालीन करणार असाल, तर मालकाचं ना हरकत प्रमाणपत्र हवं. आमची हरकत नाही, एवढी एक ओळ त्यासाठी पुरत नाही. पत्रात तीन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: अंशकालीन पीएच.डी.ला परवानगी आहे, कामातून अभ्यासाला पुरेसा वेळ मिळेल, आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.तल्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी, मोकळीक दिली जाईल. यातलं तिसरं वाक्य एचआरकडून हमखास गळतं आणि पत्र परत येतं. दूरशिक्षणाने पीएच.डी. होत नाही. तसं आमिष कुणी दाखवलं तर पैसे भरू नका.

प्रवेशाचे दोन रस्ते आहेत. एक नेटचा, म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा. त्यात व्यवस्थापनाचा विषय क्रमांक 17 आहे. पहिला पेपर 50 प्रश्नांचा, दुसरा 100 प्रश्नांचा, दोन्ही मिळून तीन तास, आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. जेआरएफ (नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळालेल्यांना मुलाखतीवर प्रवेश मिळतो. 2024 पासून बाकीच्या दोन गटांसाठी (सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेश या दोन्हींना पात्र ठरलेले, आणि फक्त पीएच.डी. प्रवेशाला पात्र ठरलेले) नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के वजन आहे, आणि प्रवेशासाठी ते गुण एकच वर्ष चालतात. दुसरा रस्ता म्हणजे विद्यापीठाची स्वतःची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा). तिच्यात अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीचे, अर्धे विषयाचे असतात. एमबीए करून दहा वर्षं नोकरी केलेली माणसं विषयात सहज निघतात आणि संशोधन पद्धतीत अडकतात. म्हणून नमुना निवडीचे प्रकार, गृहीतकं, टी-टेस्ट, काय-स्क्वेअर, सहसंबंध आणि प्रतिगमन एवढं तरी हाताने गणितं सोडवून पक्कं करा.

पैशांची सोय याच टप्प्यावर बघा. बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आपापल्या लक्ष्यगटांना संशोधन अधिछात्रवृत्ती देतात. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा नोंदणीपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि रहिवासी दाखला आधीच काढून ठेवलेला बरा.

आता गाइड. प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार विद्यार्थी, ही मर्यादा आहे. म्हणजे नाव कितीही मोठं असलं तरी जागा रिकामी आहे का, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न निवृत्तीचा. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या शिक्षकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तिसरी तपासणी घरबसल्या होते आणि तरी फार थोडे जण करतात: शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जा, त्या गाइडच्या हाताखाली झालेले प्रबंध उघडा आणि वाचा. त्यांनी सर्वेक्षण करून घेतलं की मुलाखती, आकडेवारी कितपत खोल आहे, निष्कर्ष माहितीतून निघालेत की प्रस्तावनेतच ठरलेले होते, हे तासाभरात कळतं. तुम्हाला वित्त विषयात काम करायचं असेल आणि गाइडचे सगळे प्रबंध मनुष्यबळावरचे असतील, तर सहगाइडची बोलणी नोंदणीपूर्वीच करा.

खरी तयारी इथून पुढची. प्रस्ताव लिहायला बसण्याआधी एका कागदावर उत्तर लिहा: ही माहिती मला कोण देणार, कोणत्या महिन्यात, आणि लेखी परवानगी कुणाच्या सहीची? कंपनीतल्या मित्राने ‘ये रे, भरून देतो फॉर्म’ म्हणणं ही परवानगी नव्हे. मित्राची बदली होते, फॅक्टरी मॅनेजर बदलतो आणि दीड वर्षाचं नियोजन कोलमडतं. लेटरहेडवर पत्र घ्या, आणि एका संस्थेवर सगळा प्रबंध उभा करू नका, दोन पर्यायी संस्था हाताशी ठेवा. वेळही बघा. साखर कारखान्यातल्या कामगारांना ऐन गळीत हंगामात प्रश्नावली भरायला वेळ नसतो, आणि बँकेच्या शाखेत मार्चमध्ये कुणी तुमच्याकडे मान वर करून बघणार नाही.

नमुना किती घ्यायचा, यावर संशोधन सल्लागार समितीसमोर (तुमच्या कामावर देखरेख ठेवणारी विद्यापीठाची समिती) हमखास प्रश्न येतो. 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के त्रुटी धरली, तर मोठ्या लोकसंख्येसाठी आकडा 384.16 येतो, म्हणून 385. लोकसंख्या मोजकी, समजा 2000 कामगार, असेल तर यामाने यांच्या सूत्राने 2000 भागिले 6 (1 + 2000 × 0.05 × 0.05), म्हणजे 333 पूर्णांक काहीतरी, म्हणून 334. पण हा आकडा भरलेल्या, वापरण्याजोग्या प्रश्नावल्यांचा आहे. वाटलेल्या सगळ्या परत येत नाहीत आणि आलेल्यांतल्या काही अर्धवट असतात, म्हणून दीडपट ते दुप्पट वाटायची तयारी ठेवा. सरकारी आणि खासगी बँकांची तुलना करायची असेल, तर प्रत्येक गटात पुरेशी माणसं आहेत का तेही बघा. 385 मधली 340 एकाच गटातली निघाली, तर तुलनेला अर्थ उरत नाही. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या गूगल फॉर्मला ‘यादृच्छिक नमुना’ म्हणू नका. तो सोयीचा नमुना आहे, तसंच लिहा आणि मर्यादेत नोंदवा. बाह्य परीक्षक हे एक वाक्य शोधून काढतातच.

प्रश्नावलीचे शब्द तपासायला वेळ द्या. ‘तुम्ही पगार आणि कामाच्या वेळेबद्दल समाधानी आहात का?’ हा एक प्रश्न दिसतो, पण दोन आहेत. पगारावर खूश आणि रात्रपाळीवर नाराज असलेला माणूस मधल्याच पर्यायावर खूण करतो आणि तुमच्या हाती काहीच लागत नाही. इंग्रजीतून मराठीत आणलेल्या प्रश्नांत तर जास्तच फसगत होते. ‘कमिटमेंट’ मोजणारं वाक्य ‘मी या कंपनीशी बांधील आहे’ असं केलं, तर कंत्राटी कामगार ते आपल्या करारपत्राबद्दल आहे असं वाचतो आणि ‘पूर्ण सहमत’वर खूण करतो. ‘ही कंपनी मला आपली वाटते’ असं लिहिलं की खरं उत्तर येतं. म्हणून मराठी भाषांतर दुसऱ्याकडून परत इंग्रजीत करून घ्या, मूळ वाक्याशी ताडून बघा, आणि मग तीसेक जणांवर चाचणी घ्या. क्रोनबाक अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा) 0.7 च्या वर आला तर मोजपट्टी वापरायला हरकत नाही. खाली आला तर आधी उलट्या अर्थाच्या प्रश्नांचं कोडिंग उलटवलंय का ते पाहा, कारण बऱ्याचदा चूक तिथेच असते.

विश्लेषण कोणत्या साधनात करणार, हेही आधी ठरवा. एसपीएसएस हे सांख्यिकीचं सॉफ्टवेअर महाग वाटलं तर जामोवी आणि आर मोफत आहेत. बाहेरून ‘डेटा ॲनालिसिस करून देतो’ म्हणणाऱ्यांकडे काम देऊ नका. स्वतः न चालवलेल्या चाचणीचं समर्थन व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेत, करता येत नाही.

कोर्सवर्क किमान 12 क्रेडिटचं असतं, त्यात संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा पेपर सक्तीचा आहे आणि किमान 55 टक्के लागतात. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडायची असते. तिथल्या सूचना लेखी घ्या आणि पुढच्या वेळी प्रत्येक सूचनेचं काय केलं ते एका पानावर मांडा.

कालावधी प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात: कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि पुनर्नोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि 40 टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर दोन वर्षं जास्त मिळतात, एकूण दहापर्यंत. महिलांना 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजाही घेता येते. शोधनिबंध छापण्याची सक्ती 2022 च्या नियमांतून गेली असली तरी अनेक विद्यापीठं आपल्या अध्यादेशात ती ठेवतात. आपल्या विद्यापीठाचा कागद वाचा, वरच्या वर्गातल्यांच्या आठवणीवर जाऊ नका. ‘चार दिवसांत छापून देतो, इतके रुपये भरा’ म्हणणारी नियतकालिकं कायमची टाळा.

साम्य तपासणीत, म्हणजे प्रबंधातला मजकूर दुसरीकडून किती उचललाय याच्या तपासणीत, 10 टक्क्यांपर्यंत दंड नाही. 10 ते 40 मध्ये दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत पुन्हा द्यावं लागतं, 40 ते 60 मध्ये एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही, आणि 60 च्या वर नोंदणी रद्द होते. साम्य सहसा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकरणात चढतं, कारण व्याख्या आणि पद्धतीचं वर्णन जसंच्या तसं उचललेलं असतं. प्रकरण लिहून झालं की लगेच तपासा, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

प्रबंध गाइडशिवाय किमान दोन बाह्य परीक्षकांकडे जातो, आणि सादर केल्यापासून व्हायवासह सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत संपवायची, असं नियम सांगतो. व्हायवाला जाताना मूळ भरलेल्या प्रश्नावल्या, परवानगीची पत्रं आणि कच्ची डेटा फाइल सोबत न्या. निकाल लागला की पदवी 2022 च्या नियमांनुसार दिल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र विद्यापीठाकडून लेखी मागून घ्या. प्राध्यापकपदाच्या अर्जासोबत तेच जोडावं लागतं, आणि दीक्षान्त समारंभ तोवर झालेला असेलच असं नाही.