खरीप हंगाम सल्ला: आमदारांच्या कार्यालयात अर्ज नेण्याआधी

दसऱ्याच्या सुमारास आमदारांच्या संपर्क कार्यालयात जी गर्दी होते, तिच्यातले अर्ज वर्षानुवर्षे तेच असतात. विमा मंजूर झाला नाही. अनुदानाच्या यादीत नाव आहे, पण पैसे खात्यात नाहीत. तूर खरेदी केंद्रावरून परत आली. यातल्या बऱ्याच कामांत तोवर आमदारांच्या पत्राचाही फार उपयोग राहत नाही, कारण गाडी अडलेली असते ती जून-जुलैमध्ये: सातबाऱ्यावर पीक नाही, वारस नोंद नाही, आधार जोडलेले खाते केव्हाच बंद पडलेले. म्हणून हा सल्ला तिफण शेतात जाण्याआधीच वाचावा.

पहिले काम शेतकरी ओळख क्रमांकाचे. १५ एप्रिल २०२५ पासून राज्याच्या कृषी योजनांसाठी हा क्रमांक बंधनकारक आहे. बहुतेकांनी तो काढला आहे, पण त्यात आपले सगळे गट जोडले आहेत का, हे फार थोडे जण पाहतात. शेजारच्या गावच्या शिवारात अर्धा एकर असेल, तर तोच हमखास राहून जातो. सामाईक खात्यात प्रत्येक खातेदाराने स्वतःचा क्रमांक काढायचा असतो, थोरल्या भावाच्या क्रमांकावर धाकट्याचे काम होत नाही. आणि वडील जाऊन दोन-चार वर्षे झाली तरी सातबाऱ्यावर त्यांचेच नाव असेल, तर आधी वारस नोंद करा. मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन अर्ज केला, तरी फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, प्रमाणित व्हायला नोटिशीची मुदत जावी लागते. विम्याच्या शेवटच्या आठवड्यात धावाधाव करून हे जमत नाही.

दुसरे काम बँकेचे. आधारची झेरॉक्स बँकेत दिली म्हणजे आधार जोडले गेले, हा समज अनेकांना नडतो. सरकारी पैसा थेट लाभासाठी आधारशी जोडलेल्या एकाच खात्यात जातो, आणि ते खाते म्हणजे सगळ्यात शेवटी जोडलेले. कधीतरी गॅसच्या अनुदानासाठी उघडलेल्या आणि आता बंद पडलेल्या खात्याशी जोडणी असेल, तर पैसे तिकडे जातात आणि परत फिरतात. शाखेत जाऊन ‘माझे आधार थेट लाभासाठी याच खात्याला जोडा’ असा लेखी अर्ज द्या, त्याची पोच घ्या आणि आठवड्याभराने खात्री करा. आधार, सातबारा आणि पासबुक यांवरच्या नावातला काना-मात्रेचा फरकही याच वेळी मिटवून टाका.

महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या अनुदान योजनांच्या संकेतस्थळावर, अवजारासाठी अर्ज केला असेल, तर पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका. त्याआधीच्या तारखेचे बिल चालत नाही आणि मग कुणाच्या शिफारशीनेही ते चालवता येत नाही.

बियाण्याबाबत थोडक्यात. घरचे सोयाबीन असेल तर गोणपाटावर १०० दाणे मोजून उगवण तपासा. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी साधारण ३० किलो पुरते, त्याहून कमी उगवले तर त्या प्रमाणात बियाणे वाढवा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय पेरू नका. दाणा ३ ते ५ सेंटिमीटरपेक्षा खोल गेला की उगवण मार खाते आणि दोष बियाण्यावर येतो. विकतच्या बियाण्याची पिशवी खालच्या बाजूने उघडा, टॅग आणि लेबल शाबूत ठेवा, मूठ-दोन मुठी बियाणे त्याच पिशवीत जपून ठेवा आणि पक्के बिल फाइलला लावा. बिलावर वाण, लॉट क्रमांक आणि विक्रेत्याची सही हवी. उगवण झाली नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे लगेच लेखी तक्रार द्या. दुबार पेरणीसाठी रान मोडून टाकल्यावर समितीला पाहायला काहीच उरत नाही.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. तिच्यासोबत नको असलेले खत किंवा औषध गळ्यात मारणे, म्हणजे लिंकिंग, बेकायदा आहे. अशा वेळी बिल मागा. दुकानदार बिल देत नसेल तर दुकानाचे नाव, तारीख, वेळ आणि काय घ्यायला लावले, एवढे चार मुद्दे लिहून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्या आणि त्याची प्रत आमदारांच्या कार्यालयात द्या. ‘तालुक्यात लिंकिंग चालू आहे’ एवढ्या एका वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही.

आता ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवरून आपले पीक सातबाऱ्यावर नोंदवणे. यावर थोडे थांबून लिहितो, कारण विमा, हमीभाव खरेदी आणि मदत हे सगळे याच नोंदीवर उभे आहे. नोंदणी साधारणपणे १ ऑगस्टला सुरू होते आणि शेतकऱ्यांसाठी सप्टेंबरच्या मध्यापर्यंत चालते. दर हंगामाच्या तारखा आपल्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडून, म्हणजे तलाठ्याकडून, विचारून घ्या. फोटो गटातच उभे राहून काढायचा असतो, बांधावरून किंवा घरून तो घेतला जात नाही. शिवारात रेंज नसेल तर फोटो काढून माहिती साठवा आणि रेंजमध्ये आल्यावर अपलोड करा, पण ‘अपलोड झाले’ हे पाहिल्याशिवाय मोबाइल खिशात टाकू नका. चूक होते ती मुख्यतः क्षेत्रात. ॲप हेक्टर आणि आर मागते. एक एकर म्हणजे ०.४० हेक्टर. तिथे १.०० लिहिले तर क्षेत्र अडीचपट होते आणि गटाच्या क्षेत्राशी त्याचा मेळ बसत नाही. सोयाबीनमध्ये तूर असेल तर ‘मिश्र पीक’ निवडून दोन्ही लिहा. नुसते सोयाबीन लिहिले, तर पुढे खरेदी केंद्रावर तुरीची नोंदणी होत नाही, कारण सातबाऱ्यावर तूरच नसते. नोंद केल्यापासून ४८ तासांत ती दुरुस्त करता येते. तेवढ्या वेळात घरातल्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून एकदा तपासून घ्या.

पीक विम्याचे नियम खरीप २०२५ पासून बदलले, हे अजून अनेकांच्या लक्षात आलेले नाही. एक रुपयातला विमा बंद झाला. खरिपाच्या अन्नधान्य व गळीत पिकांना विमा संरक्षित रकमेच्या २ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के हप्ता शेतकऱ्याने भरायचा आहे. त्याहून मोठा बदल भरपाईचा. ती महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे निवडलेल्या शेतातले पीक कापून केलेल्या वजनातून, निघालेल्या उत्पादनावर ठरते. समजा उंबरठा उत्पादन (ज्याच्या खाली गेले तरच भरपाई मिळते) हेक्टरी १,४०० किलो आहे आणि मंडळाचे प्रत्यक्ष सरासरी उत्पादन १,०५० किलो आले. तूट २५ टक्के. संरक्षित रक्कम ५६,००० असेल तर भरपाई हेक्टरी १४,००० रुपये. मंडळाची सरासरी उंबरठ्याच्या वर गेली, तर तुमच्या एकट्याच्या रानात काही उरले नसले तरी विमा मिळत नाही. म्हणून गावात प्रयोग कोणत्या गटात आणि कोणत्या तारखेला आहे हे विचारा, कापणी आणि वजन होताना हजर राहा. आक्षेप असेल तर त्याच जागी लेखी द्या, निकाल लागल्यावर केलेल्या ओरडीचा उपयोग होत नाही. वन्य प्राण्यांचे नुकसान आणि भात पाण्याखाली जाणे या जोखमी खरीप २०२६ पासून विम्यात घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यात ७२ तासांत ॲपवर कळवायचे आहे. मात्र राज्याच्या अधिसूचनेत आपला जिल्हा आणि पीक आहे का, ते आधी पाहावे.

अतिवृष्टीची मदत विम्याहून वेगळी, ती महसूल खात्याकडून येते. ३३ टक्क्यांहून जास्त नुकसान झाले असेल तर पंचनामा होतो. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळाच्या निकषांत हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये, मर्यादा २ हेक्टर. राज्य सरकार वेळोवेळी यात वाढ करते, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय पाहिल्याशिवाय आकडा मनात धरू नका. पंचनाम्याआधी पीक मोडू नका. गट नंबर लिहिलेला कागद हातात धरून शेताचे फोटो काढा. मदतीची यादी लागली की तिच्यात आपल्या नावापुढे दिलेला विशिष्ट क्रमांक उतरवून घ्या. ई-केवायसी (आधारवरून ओळख पटवणे) मागितली असेल तर त्याच क्रमांकावर होते.

आता आमदारांकडे काय न्यायचे. एका अर्जात एकच विषय घाला. गाव, गट नंबर, ओळख क्रमांक, ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथला आवक क्रमांक (अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा) आणि तारीख, आणि किती दिवस झाले, एवढे पुरे. आवक क्रमांक नसलेल्या अर्जावर पत्र लिहिले तरी ‘अर्ज प्राप्त नाही’ असे उत्तर येते. रोहित्र (डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर) जळाले असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक आणि डीपीवर किती पंप आहेत ते लिहा. ग्रामीण भागात जळालेले रोहित्र ४८ तासांत बदलण्याचे मानक आहे.

आमदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये असतो आणि तो सार्वजनिक मालमत्तेवरच खर्च करता येतो. एकाच्या विहिरीकडे जाणाऱ्या वाटेला तो मिळत नाही. पाणंद रस्ता, म्हणजे शेताकडे जाणारा गावचा रस्ता, हवा असेल तर आधी गाव नकाशा काढा. दोन तुटक रेषा म्हणजे गाडीवाट, एक तुटक रेषा म्हणजे पायवाट. नकाशावरचा किंवा वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दावा टाका. रस्ताच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाचे कलम १४३ आहे, बांधावरून वाट मागता येते. रस्त्याची जागा मोकळी आणि निर्विवाद झाली की मुरूम-खडीची मागणी पुढे सरकते.

पेरणीआधी तालुक्यात आमदारांच्या अध्यक्षतेखाली खरीप आढावा बैठक होते. खताचा मंडळनिहाय साठा, नादुरुस्त रोहित्रांची यादी, पीक कर्जवाटपाचा बँकनिहाय आकडा, हे तिथे मागायचे प्रश्न. अधिकारी समोरासमोर असतात आणि इतिवृत्तात आलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करता येतो. पावसाळी अधिवेशनात विषय यावा असे वाटत असेल तर कागद कितीतरी आधी द्यावा लागतो. मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा तारांकित प्रश्न असो की विधानसभेच्या नियम १०५ खाली तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना, त्यावर मंत्रालयातून तहसीलपर्यंत माहिती मागवली जाते. प्रश्नात गावे, तारखा आणि शेतकऱ्यांची संख्या असेल तर उत्तरही तसेच नेमके द्यावे लागते, नाहीतर ‘अंशतः खरे आहे’ यावर विषय संपतो.

शेवटी एक दुःखाचा, पण सांगायलाच हवा असा विषय. पावसाळ्यात सर्पदंश, वीज, विजेचा धक्का, फवारणीची विषबाधा होते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत १० ते ७५ वयाच्या खातेदाराला किंवा कुटुंबातल्या एका सदस्याला मृत्यू झाल्यास २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. घरच्यांना त्या दिवशी कशाचेच भान नसते, म्हणून शेजाऱ्यांनी आणि पोलीस पाटलांनी पुढे होऊन पोलिसांत खबर द्यावी, पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यावे. वीज पडून माणूस दगावला तर तहसीलदारांना त्याच दिवशी कळवा, नैसर्गिक आपत्तीची ४ लाखांची मदत त्यांच्याकडून मंजूर होते. दगावलेल्या बैलाचा किंवा गाईचाही पंचनामा आणि पशुवैद्यकाचा दाखला झाल्याशिवाय मूठमाती देऊ नका.