पायाची जखम भरत नाहीये आणि कोणी स्टेम सेल सुचवलं तर

आईच्या अंगठ्याखाली शुगरची जखम होती, महिनोन्महिने भरेना, तेव्हा एका क्लिनिकवाल्याने थेट स्टेम सेलचं (म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशींचं) इंजेक्शन सांगितलं, लाखाच्या वर खर्च, आणि पायाची नाडी हात लावूनसुद्धा बघितली नाही. म्हणून लिहितेय.

आधी जखमेची जमीन तयार पाहिजे. चिखलणी न करता भात लावलं तर रोप कितीही चांगलं असो, धरत नाही, तसंच आहे हे. मेलेली काळी-पिवळी कातडी डॉक्टरांकडून साफ करून घ्या, पू असेल तर त्याचं औषध, शुगर कंट्रोलमध्ये, पायाच्या रक्तपुरवठ्याची डॉप्लर तपासणी (सोनोग्राफीसारखीच असते), आणि जखमेवर वजन अजिबात पडू द्यायचं नाही (हेच सगळ्यात अवघड, आई रात्री बाथरूमला उठली की नेमका तोच पाय टेकायची). दर रविवारी ड्रेसिंग बदलताना शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. 4 आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर डॉक्टरांना सगळं परत तपासायला सांगा, पुढच्या उपचारांचं बोलणं तेव्हा करायचं.

आता कॅरियर, म्हणजे स्टेम सेल ज्यात बसवून जखमेवर लावतात ते. नुसत्या पेशी जखमेत सोडल्या तर बऱ्याचशा थोड्याच दिवसांत मरतात नाहीतर पाण्याबरोबर वाहून जातात, म्हणून त्या कोलेजन (कातडीतलंच एक प्रोटीन), फायब्रिन किंवा हायड्रोजेलमध्ये (पाणी धरून ठेवणारी जेली) बसवतात. फायब्रिन म्हणजे रक्त गोठताना जी जाळी तयार होते ना, तीच. चरबीतून किंवा बोन मॅरोतून (हाडाच्या आतला मगज) काढलेल्या पेशी बहुतेक करून स्वतः कातडी बनत नाहीत, त्या अशी प्रोटीन्स सोडतात की सूज उतरते, नव्या रक्तवाहिन्या फुटतात. कातडीच्याच स्टेम सेलची गोष्ट वेगळी, 2015 मध्ये जर्मनीत बोखुमला कातडीचा जनुकीय आजार असलेल्या 7 वर्षांच्या एका सीरियन मुलाची जवळजवळ 80% कातडी त्याच्याच पेशींमधला जीन दुरुस्त करून, फायब्रिनवर वगैरे वाढवून बसवली होती, आणि ती टिकली.

डॉक्टरांना स्पष्ट विचारा, पेशी कोणाच्या, कुठून काढणार, कशात बसवून लावणार, आणि सीटीआरआयचा (देशातल्या क्लिनिकल ट्रायल, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या, जिथे नोंदवतात ती सरकारी नोंदवही) नंबर काय? आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था) 2017 च्या नियमांप्रमाणे असे प्रायोगिक उपचार ट्रायलमध्येच द्यायचे असतात आणि त्याचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. नंबर दिला तर घरी येऊन सीटीआरआयच्या साइटवर टाकून बघा, नाही दिला तर उठून या. मेडिकलमध्ये कोलेजनची पट्टी मिळते तिच्यात पेशी नसतात, तिला स्टेम सेल समजू नका.

आणि मधेच पायाची लाली वर चढायला लागली, ताप आला किंवा बोट काळं पडलं तर फोटोबिटो राहू दे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.